संमेलनाच्या गावी जेवायचे कुठे? बीदर-कलबुर्गीच्या ताटाची ओळख

साहित्य संमेलनाला निघालेला गोमंतकीय रसिक परिसंवादांच्या वेळा पाठ करून निघतो, निवासाची चौकशी करतो, परतीचे तिकीट काढून ठेवतो. जेवणाचा विचार मात्र तो आयोजकांवर सोपवून मोकळा होतो. बहुतेकांचे त्यात काही बिघडत नाही. ज्याला मधुमेह आहे, गहू सोसत नाही, शेंगदाण्याचे वावडे आहे किंवा ज्याचे व्रत आहे, त्याच्यासाठी मात्र दुपारी भोजनमंडपासमोरची रांग हीच संमेलनातील खरी परीक्षा ठरते.

कर्नाटकाच्या ईशान्य टोकाचे बीदर आणि कलबुर्गी हे सीमावर्ती जिल्हे अशा मेळ्यांना सरावलेले आहेत. पंच्याऐंशीवे अखिल भारतीय कन्नड साहित्य संमेलन ५ ते ७ फेब्रुवारी २०२० या काळात कलबुर्गीत गुलबर्गा विद्यापीठाच्या परिसरात भरले. पंच्याण्णवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला झाले. उदगीर आज लातूर जिल्ह्यात असले तरी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी ते बीदर जिल्ह्याचाच भाग होते. शिवाय ख्वाजा बंदे नवाज यांचा उरूस, शरणबसवेश्वरांची जत्रा, बसवकल्याणचे शरण मेळावे आणि गाणगापूरची दत्तभक्तांची गर्दी वर्षभर चालूच असते. गोव्यातून गाणगापूरला जाणाऱ्यांना या भागाची थोडीफार ओळख असते. तिथे संमेलनासाठी जाणाऱ्याने आपल्या पथ्याचे जेवण कसे शोधावे, याचा हा आढावा.

मंडपातील भोजन आणि त्याच्या मर्यादा

मोठ्या संमेलनात सहसा दोन पंक्ती असतात. प्रतिनिधी शुल्क भरून आलेल्यांना कूपनावर जेवण मिळते. इतरांसाठी सार्वजनिक भोजन असते किंवा बाहेरचे ठेले असतात. दोन्हीकडे स्वयंपाक हजारोंचा असतो. भाजीत काय पडले आहे हे वाढणाऱ्या स्वयंसेवकाला ठाऊक नसते, कारण तो स्वयंपाकघरात गेलेलाच नसतो. म्हणून पथ्याची चौकशी वाढप्याकडे करून भागत नाही. नोंदणीच्या वेळीच भोजन समितीला एका वाक्यात लेखी कळवावे आणि पोहोचल्यावर मुख्य आचाऱ्याची गाठ घ्यावी. प्रश्न ‘हे मला चालेल का?’ असा विचारू नये. त्याचे उत्तर आदरातिथ्यापोटी नेहमी ‘हो’ असेच येते. ‘यात काय काय घातले आहे?’ असे विचारावे.

दुसरी अडचण अंतराची. गुलबर्गा विद्यापीठ सेडम रस्त्यावर, मुख्य शहराबाहेर आहे. असे विस्तीर्ण मैदान शहराबाहेरच सापडते, त्यामुळे मंडपाच्या दारातून चालत निघून चांगली खानावळ गाठणे बहुधा शक्य नसते. सकाळी शहरात पोटभर न्याहारी करून निघणे आणि दुपारपुरते काही जवळ बाळगणे हा त्यावरचा सोपा उपाय. रात्रीचे जेवण निवासाजवळ शोधावे. कलबुर्गीत स्थानक रस्ता आणि सुपर मार्केटचा परिसर, बीदरमध्ये चौबाऱ्याभोवतीचे जुने शहर, तर पुणे-हैदराबाद महामार्गाने जाणाऱ्यांना हुमनाबाद ही खाण्याची ठिकाणे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागात मराठीत विचारलेले सहज समजते. इतरत्र दखनी वळणाच्या हिंदीने काम भागते.

खानावळीचे रोजचे ताट

या भागातील खानावळीत ज्वारीची भाकरी, म्हणजे जोळद रोट्टी, हे मुख्य अन्न. ती दोन प्रकारची असते. तव्यावरून उतरलेली मऊ रोट्टी आणि वाळवून ठेवलेली, पापडासारखी कडक रोट्टी. सोबत मसाला भरलेल्या वांग्यांची एण्णेगायी, अंबाडीची पुंडी पल्ले, झुणका, तुरीच्या डाळीचे वरण, कच्चा कांदा, दही आणि दोन-तीन कोरड्या चटण्या. वरणाची डाळ याच मातीतली असते. ‘गुलबर्गा तूर डाळ’ या नावाने तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला लातूर, बीदर आणि कलबुर्गीच्या शेतांत जी भज्जी शिजते, तीही कडधान्ये आणि पालेभाज्यांचीच. सीमेच्या दोन्ही बाजूंचे ताट असे एकमेकांना ओळखणारे आहे.

पथ्य असलेल्या पाहुण्यासाठी महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ‘खास’ पदार्थ मागण्यापेक्षा या भागाचे रोजचे साधे जेवण मागावे. बहुतेक पथ्ये त्यातच सांभाळली जातात. मात्र त्या ताटात लपलेल्या चार-दोन गोष्टी आधी माहीत असायला हव्यात.

गहू वर्ज्य असलेल्यांसाठी

ज्वारीत ग्लुटेन नसते. त्यामुळे सीलिॲक विकार असलेल्यांना हा प्रदेश उत्तर भारतातील कोणत्याही संमेलनस्थळापेक्षा अधिक अनुकूल आहे. तरी तीन ठिकाणी सावध राहावे. पहिले पिठाच्या गिरणीत: एकाच जात्यावर गव्हामागून ज्वारी दळली जाते आणि पिठात गहू मिसळतो. दुसरे पोळपाटावर: काही ठिकाणी भाकरी थापण्याऐवजी लाटतात आणि लाटताना गव्हाचे पीठ भुरभुरतात. तिसरे फोडणीत: बाजारातील डबीबंद हिंग शुद्ध नसतो, त्यात पीठ मिसळलेले असते आणि अनेक छापांमध्ये ते गव्हाचे असते. भाकरी निर्दोष आणि वरणामुळे त्रास, असे त्यामुळे घडू शकते.

ज्यांना थोडाही गहू अपाय करतो त्यांनी साधा भात, दही, फळे आणि घरून आणलेली भाकरी यांवर भर द्यावा. कडक रोट्टीची पाकिटे बाजारात मिळतात. ती अनेक दिवस टिकतात. मात्र पाकिटावरील मजकूर वाचूनच घ्यावीत. ग्लुटेनयुक्त धान्ये, शेंगदाणा, दूध यांसारखे त्रासदायक ठरणारे घटक पाकिटावर जाहीर करणे भारतीय नियमांनुसार बंधनकारक आहे. ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहायचे तर एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये.

शेंगदाणा: दिसतो त्याहून अधिक ठिकाणी

या ताटातील सर्वांत मोठा धोका शेंगदाण्याचा आहे. चटणीत तो उघड दिसतो. पण एण्णेगायीच्या मसाल्यात, भाज्यांच्या दाट रश्शात, कोशिंबिरीत आणि शेंगा होळगीच्या पुरणातही तो असतो. उपवासाची साबुदाणा खिचडी तर त्याशिवाय होतच नाही. तळणीचे तेलही शेंगदाण्याचे असू शकते. कारळ्याच्या आणि तिळाच्या चटणीत शेंगदाणा नाही असे सांगितले, तरी एकाच खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये सर्व चटण्या वाटल्या जातात हे लक्षात ठेवावे.

इथे कन्नडमधील दोन लहान वाक्ये उपयोगी पडतात. ‘इदरल्लि शेंगा इदेया?’ म्हणजे ‘यात शेंगदाणे आहेत का?’ आणि ‘शेंगा बेड’ म्हणजे ‘शेंगदाणे नकोत’. ज्यांना तीव्र त्रास होतो त्यांनी तेवढ्यावर विसंबू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध खिशात ठेवावे आणि सोबत्याला ते कुठे आहे हे सांगून ठेवावे. ओठ सुजणे, घशात आवळल्यासारखे होणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसताच औषध देऊन तातडीने रुग्णालय गाठावे; कर्नाटकातही रुग्णवाहिकेसाठी १०८ हाच क्रमांक आहे.

मधुमेहींनी पदार्थासोबत घड्याळही पाहावे

ज्वारी म्हणजे मधुमेहींना मोकळे रान, हा समज बरोबर नाही. ज्वारीतही पिष्टमय पदार्थ भरपूर असतात आणि कडक रोट्टी इतकी पातळ असते की चार-पाच कधी संपल्या ते कळत नाही. मोजून दोन घ्याव्यात आणि ताटात डाळ, पालेभाजी व काकडीचा वाटा वाढवावा. पंक्तीतील होळगी आग्रहाने वाढली जाते. ती पहिल्याच फेरीला नाकारावी. ताटात पडल्यावर नकार देणे अवघड होते.

याहून गंभीर प्रश्न वेळेचा आहे. उद्घाटन लांबते, भाषणे लांबतात आणि एकचे जेवण तीनला मिळते. जेवणापूर्वीचे इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेऊन माणूस रांगेत उभा राहिला आणि ताट तासाभराने मिळाले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी आणि मग काहीतरी खावे. प्रवासातील अनिश्चित वेळांसाठी औषध केव्हा घ्यायचे हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. साखरेची पुडी पिशवीत नव्हे, खिशात असावी. पिशवी नेमकी निवासावर राहते.

रक्तदाबाच्या रुग्णांनी चटण्या, पापड, लोणचे आणि लाल मिरचीचा रंजका यांतील मिठाकडे लक्ष द्यावे. इथला तिखटपणा गोव्याच्या जिभेला अपरिचित नाही, पण इथे नारळाचे दूध नसते. तो सौम्य करण्याचे काम दही आणि ताक करतात.

व्रत, उपवास आणि धर्माचार

‘लिंगायत खानावळ’ अशी पाटी असेल तर तिथे मांस व अंडी नाहीत असे समजावे. कांदा-लसूण मात्र असतो. जैन आहार पाळणाऱ्यांनी कांद्याला स्थानिक बोलीत ‘उळ्ळागड्डी’ आणि लसणीला ‘बेळ्ळुळ्ळी’ म्हणतात एवढे लक्षात ठेवावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना संमेलनातील रात्रीची पंगत निरुपयोगी असते. त्यांनी सायंकाळचे भोजन आधीच ठरवून घ्यावे.

अशी पथ्ये या मातीला नवी नाहीत. कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी. तिथे प्राचीन जैन बसदी आहे आणि माध्व परंपरेतील जयतीर्थांचे वृंदावनही आहे. माध्व घरांत चातुर्मासाच्या चार महिन्यांत अनुक्रमे भाज्या, दही, दूध आणि द्विदल धान्ये वर्ज्य असतात. त्यामुळे ‘अमुक चालत नाही’ असे सांगणाऱ्या पाहुण्याकडे इथे विचित्र नजरेने पाहिले जात नाही.

उपवासाच्या बाबतीत मात्र शब्दाने फसगत होते. कर्नाटकातील अनेक घरांत एकादशीच्या ‘फलाहारा’त भात वर्ज्य असतो, पण उपीट आणि पोहे चालतात. मराठी उपवासाला ते चालत नाहीत. म्हणून ‘उपवासाचे आहे का?’ असे न विचारता साबुदाणा, वरई, फळे किंवा दूध असे पदार्थाचे नाव घेऊन विचारावे.

मांसाहार करणाऱ्यांसाठी सावजी खानावळी आणि जुन्या शहरांतील मुस्लिम उपाहारगृहे आहेत. कलबुर्गीची तहारी, म्हणजे मांस घालून शिजवलेला मसालेदार भात, ही तिथली सकाळची न्याहारी. कोणते मांस आहे हे विचारून घ्यावे. तसे विचारण्यात कुणाला वावगे वाटत नाही. समुद्र दूर असल्याने ताज्या मासळीची अपेक्षा मात्र ठेवू नये.

जिथे पैसे लागत नाहीत

खानावळ बंद झाली, कूपन हरवले, गाडी उशिरा पोहोचली तरी या दोन जिल्ह्यांत माणूस सहसा उपाशी राहत नाही. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि शरणांनी याच कल्याण नगरीत ‘कायक’ म्हणजे श्रम आणि ‘दासोह’ म्हणजे मिळवलेले वाटून देणे ही शिकवण दिली. कलबुर्गीचे शरणबसवेश्वर मंदिर दासोहासाठीच ओळखले जाते. बीदरच्या गुरुद्वारा नानक झिरा साहिब येथे लंगर चालतो. तिथे जात-धर्म न विचारता पंक्तीत बसवतात. डोके झाकावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत आणि हवे तेवढेच घ्यावे.

पथ्य असलेल्यांनी इथेही विवेक ठेवावा. लंगरातील रोटी गव्हाची असते. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी ती घेऊ नये. गाणगापुरात दुपारी पाच घरी मागितली जाणारी माधुकरी म्हणजे अनेक चुलींचे अन्न एका झोळीत. त्यात काय आहे हे सांगणे कुणालाच शक्य नसते. वावडे असणाऱ्याने ती कपाळाला लावून सोबत्याच्या हाती द्यावी. त्यात अनादर नाही.

निघण्यापूर्वी

पिशवीत चार कडक रोट्ट्या किंवा घरच्या भाकऱ्या, भाजलेले चणे, दोन फळे आणि पाण्याची बाटली असावी. उदगीरचे संमेलन एप्रिलमध्ये झाले होते. या पठारावर उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत कापून ठेवलेली फळे, उघड्यावरचा बर्फ आणि सकाळी शिजवून दुपारी वाढलेला भात टाळावा. वाफाळते अन्न निवडावे.

आपले पथ्य एका चिठ्ठीवर कन्नड आणि हिंदीत लिहून घ्यावे. निवासस्थानी कुणीही ते लिहून देईल. गोंगाटात तोंडी सांगितलेले विसरले जाते. चिठ्ठी मात्र आचाऱ्याच्या हातात राहते. आणि पहिल्या दिवशी ज्या खानावळीत आपले ऐकून घेतले गेले, तिथेच उरलेले दिवस जावे. नव्या चवीचा मोह थोडा आवरावा लागेल, पण तिसऱ्या दिवसाचा समारोप ऐकायला आपण मंडपात असू, रुग्णालयात नव्हे.