चोखंदळ गाय आणि उसाचे वाढे



हंगाम सुरू झाला की तोडीच्या फडातले वाढे गोठ्यात येतात. चारा स्वस्तात मिळतो म्हणून आपण दावणीत वाढ्यांचा ढीग टाकतो आणि महिन्याभरात तक्रार येते, "साहेब, गाय नीट खात नाही, दूधही तुटलं."

आम्ही ऊस नोंदीसाठी गटात फिरतो तेव्हा गोठाही बघतो. गेल्या हंगामात एका सभासदाची गाय वाढ्याचे कोवळे शेंडे निवडून खात होती; जाड शिरा, कडबा दावणीत तसाच. मालक म्हणाले, "लई लाडावलीय." वहिनी मात्र म्हणाल्या, "निवडायला मिळतंय म्हणून निवडतीय." वहिनींचेच खरे होते.

गाईला चवीचे कळते, समतोलाचे कळत नाही. ते आपणच बघायचे. वाढ्याने पोट भरते, पण त्यात प्रथिने कमी. शिवाय त्यातील ऑक्झलेट शरीरातील चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवते. दुधातून चुना जातच असतो. भरपाई झाली नाही तर गाय खंगते, दूध घटते, वेळेवर माजावर येत नाही.

सुमारे 400 किलो वजनाच्या, रोज 10 लिटर दूध देणाऱ्या गाईचे गणित असे धरावे. हिरवा चारा 20 किलो; त्यात वाढे निम्म्याहून जास्त नकोत आणि लसूणघास किंवा चवळीसारखा द्विदल चारा 5 किलो तरी हवा. कडबा 5 ते 6 किलो. खुराक शरीर पोसण्यासाठी 1 किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे 1 किलो, म्हणजे एकूण 5 किलो, दोन वेळांत विभागून. खनिज मिश्रण 50 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम. पाणी भरपूर.

आता चोखंदळपणावर उपाय. वाढे, कडबा व द्विदल चारा यांची एकत्र कुट्टी करावी. मग निवडायला काही उरत नाही. चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा आणि वरची स्वच्छ निवळी वाढ्यावर शिंपडावी. खालचा गाळ घालू नये. तरीही तोंड लावत नसेल तर थोड्या गुळाचे पाणी शिंपडावे. एकदम ढीग न टाकता थोडे थोडे, ठरल्या वेळी घालावे. उष्टे रोज काढून दावण साफ ठेवावी. आंबलेल्या वासाला जनावर तोंड फिरवते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बदल हळूहळू करावा. गाईच्या पोटातील सूक्ष्म जंतूंना नव्या चाऱ्याची सवय लागते. म्हणून आठ-दहा दिवसांत वाढे वाढवत न्यावेत आणि हंगाम संपताना तसेच कमी करावेत. खाणे एकाएकी सुटले, रवंथ थांबला किंवा व्यालेली गाय उठेना, तर तो चोखंदळपणा नव्हे. ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवावे.

उसाचे बिल येईपर्यंत घरखर्च दुधावर चालतो, हे आपण जाणताच. उसाला खताचा डोस आपण मोजून देतो; गाईचा घासही तसाच मोजून द्यावा, एवढीच आमची विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी