मनगट हलवणं आणि आयुष्य ठरवणं

बंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये २०२३ साली जे घडलं, ते इच्छास्वातंत्र्याचा विचार करणाऱ्याने जरूर पाहावं. २५ मार्चला व्हाइटफील्डहून तिथपर्यंत मेट्रो सुरू झाली. पुढे बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा जेमतेम दोन किलोमीटरचा तुकडा मात्र राहून गेला होता. मध्येच उतरून बस धरण्यापेक्षा अनेकांना आपली दुचाकीच सोयीची वाटे. ९ ऑक्टोबरला तो तुकडा जोडला गेला आणि मेट्रोचे प्रवासी वाढले. पुण्या-नागपूरहून आयटीतल्या नोकरीसाठी त्या भागात राहायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना विचारलं, तर तीही म्हणतील, ‘आम्हीच ठरवलं.’ पण ठरवलं कोणी? त्यांनी, की रुळांच्या त्या तुकड्याने?

परिस्थिती आपल्याला वळवते, हे मान्य करणं फार जड नाही. खरा धक्का दिला तो अमेरिकेतल्या बेंजामिन लिबेट यांनी. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात माणसांना एवढंच सांगितलं होतं: मनात येईल तेव्हा मनगट हलवा आणि इच्छा झाली त्या क्षणी समोरच्या घड्याळावर फिरणारा ठिपका कुठे होता, ते लक्षात ठेवा. डोक्याला लावलेल्या तारा मेंदूतल्या विजेची नोंद घेत होत्या. इच्छा जाणवली ती हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी. मेंदूतली तयारी मात्र सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच सुरू झालेली! मेंदू आधी ठरवतो आणि आपल्याला नंतर कळवतो, असा अर्थ अनेकांनी काढला. स्वतः लिबेट तिथवर गेले नाहीत. शेवटच्या क्षणी हालचाल रोखण्याचा अधिकार जाणिवेकडे उरतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढच्या संशोधनाने तो अर्थही डळमळीत केला. एरन शर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की, मेंदूत सतत चालणारे बारीक चढउतार एखादी पातळी ओलांडतात तेव्हा हालचाल घडते, असं मानलं तरी लिबेटसारखाच आलेख मिळतो. म्हणजे ती ‘तयारी’ आधीच झालेला निर्णय असेलच असं नाही. मला त्याहून मोलाचा वाटतो तो उरी माओझ आणि सहकाऱ्यांचा २०१९ सालचा प्रयोग. त्यात लोकांनी कोणत्या संस्थेला खरीखुरी देणगी द्यायची, हे निवडायचं होतं. निवडीला काही अर्थच नव्हता तेव्हा मेंदूतली ती पूर्वखूण दिसली; विचारपूर्वक निवडताना ती जवळजवळ दिसलीच नाही. लग्न, नोकरी, म्हाताऱ्या आईवडिलांना सोडून परगावी जाणं, हे निर्णय मनगट हलवण्यासारखे नसतात. त्यांत कित्येक रात्रींचा विचार आणि घरातली भांडणं असतात.

मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११च्या हिवाळ्यात, लोकमान्य टिळक याच प्रश्नाला भिडले होते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चं दहावं प्रकरण आहे ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. कर्माची साखळी टिळक नाकारत नाहीत. देह आणि इंद्रियं तिच्यात बांधलेली आहेत, हे ते मान्य करतात. तरीही सुटकेची प्रेरणा आतून येते आणि अभ्यासाने माणूस हळूहळू स्वतःला बदलू शकतो, हा त्यांचा आग्रह आहे. हे लिहिणाऱ्याच्या दारावर सरकारचं कुलूप होतं, म्हणून मला तो पोकळ उपदेश वाटत नाही. आत्म्याविषयीची त्यांची भूमिका न मानणाऱ्यालाही हा मुद्दा पटावा: कारणांच्या गर्दीत आपला विचार आणि आपला सराव हीसुद्धा कारणंच आहेत. के. आर. पुरमच्या रुळांनी वाट दिली. पण मेट्रो आल्यानंतरही काहींनी दुचाकी सोडली नाही, याचा हिशेब नुसते रूळ देऊ शकत नाहीत.

म्हणून इच्छास्वातंत्र्य निव्वळ भास आहे, हे मला मान्य नाही. ते अपुरं आहे, थकव्याने आणि गरिबीने आकसतं, पण खरं आहे. आपला कायदाही ते खरं मानून चालतो. ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: संमतीशिवाय कोणाचीही नार्को, लाय डिटेक्टर किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येणार नाही. बोलायचं की गप्प राहायचं, ही निवड त्या माणसाचीच आहे.