निवळलेले पाणी आणि निर्जंतुक पाणी

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात जनपदोध्वंसाची मीमांसा केली आहे. प्रकृती, आहार व वय भिन्न असूनही अनेकांना एकाच वेळी एकच व्याधी का ग्रासते, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे वायू, उदक, देश आणि काल हे सर्वांना समान असणारे चार भाव. यांपैकी उदकाच्या रक्षणाचे काम आज गावपातळीवर विभागलेले आहे. पाण्याचे शुद्धीकरण ग्रामपंचायतीने करावयाचे आणि त्याची तपासणी आरोग्य कर्मचाऱ्यांनी करावयाची.

या कामाचे महत्त्व जालना जिल्ह्यातील राजूर (ता. भोकरदन) येथे विशेषत्वाने जाणवते. राजुरेश्वर गणपतीच्या दर्शनासाठी अंगारकी चतुर्थीस येथे भाविकांची रीघ लागते. अशा दिवशी एखादी टाकी वा टँकर दूषित असेल, तर अतिसार केवळ राजुरात राहत नाही. परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर तो अनेक गावी पोहोचतो.

शुद्धीकरणाची रीत साधी आहे. चांगल्या प्रतीच्या ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये (टीसीएल) सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. हवा, उजेड व ओल लागल्यास तो घटत जातो; म्हणून पावडर बंद डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावी. सामान्यतः 1000 लिटर पाण्यास सुमारे 2.5 ग्रॅम पावडर लागते. पाणी गढूळ असल्यास अधिक. पावडर कालवून वरचे निवळलेले द्रावण पाण्यात मिसळावे आणि अर्धा ते एक तास थांबावे. त्यानंतर नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. ओटी चाचणीत येणाऱ्या पिवळ्या रंगावरून तो ओळखता येतो. रंग न आल्यास ते पाणी सुरक्षित समजू नये.

‘निवळी फिरवली, मग औषध कशाला?’ असा प्रश्न रुग्ण आम्हांस विचारतात. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात गढूळ पाण्याच्या प्रसादनासाठी कतक म्हणजे निवळीचे बी सांगितले आहे. तथापि दूषित पाण्यासाठी अग्नीवर उकळणे, सूर्यतापात तापविणे व तप्त लोहगोळा विझविणे हे उपाय त्यांनी निराळे सांगितले. निवळीने गाळ तळाशी बसतो, जंतू मात्र निःशेष होत नाहीत. म्हणून आधी पाणी निवळावे व नंतर ते निर्जंतुक करावे, हाच क्रम योग्य होय.

क्लोरीनच्या सौम्य वासाला नाक मुरडणाऱ्या रुग्णास वैद्याने दुजोरा दिला, तर गावाच्या संरक्षणास आपल्याच हातांनी छिद्र पडेल. पाण्याविषयी शंका असेल तेव्हा उकळून घेतलेले पाणीच पिण्यास सांगावे. एकाच वस्तीतून अतिसाराचे दोन-तीन रुग्ण आले, तर औषधयोजनेबरोबरच प्राथमिक आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावे. चिकित्सेने एक रुग्ण बरा होतो. वेळेवर पोहोचलेल्या वार्तेने जनपद वाचते. आपल्या व्यवसायबंधूंनी हेही चिकित्साकर्मच मानावे, अशी आमची विनंती आहे.