डेटाबेसची दुसरी प्रत ठेवायची, तर स्टोरेज इंजिन कोणतं?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागातली वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी संगणकात अर्धवट राहिलेल्या कामाचं काय होतं?

समजा, घोडबंदर गावात एक पॅथॉलॉजी लॅब आहे. तिची सगळी माहिती मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आहे आणि त्याची दुसरी प्रत पुण्यातल्या सर्व्हरवर आपोआप तयार होत राहते. यालाच रेप्लिकेशन म्हणतात. रुग्ण मोबाइलवर रिपोर्ट पाहतात, तो पुण्याच्या प्रतीतून. सकाळी ४० प्रलंबित रिपोर्टवर एकाच आज्ञेने ‘तयार’ असा शेरा मारला जात असताना वीज जाते. यूपीएसची बॅटरी नेमकी त्याच दिवशी दगा देते. तोवर २३ नोंदी बदललेल्या असतात.

पुढे काय होणार, हे स्टोरेज इंजिनावर ठरतं. स्टोरेज इंजिन म्हणजे डेटाबेसचा तो भाग, जो नोंदी प्रत्यक्ष डिस्कवर लिहितो. मायएसक्यूएलमध्ये ते प्रत्येक टेबलासाठी वेगळं निवडता येतं.

टेबल जुन्या मायआयसॅम इंजिनावर असेल, तर त्या २३ नोंदी बदललेल्याच राहतात. पण पुण्याला जे पाठवायचं ते आधी बायनरी लॉग नावाच्या रोजनाम्यात उतरतं, आणि तिथे आज्ञा पूर्ण झाल्यावरच नोंद होते. म्हणजे पुण्याला काहीच कळलेलं नाही. वीज आल्यावर कर्मचारी टेबल दुरुस्त करून तीच आज्ञा पुन्हा देतो. घोडबंदरला आता १७ रिपोर्टच प्रलंबित दिसतात, तेवढेच बदलतात आणि तेवढेच पुण्याला जातात. (२०१५ पासून, आवृत्ती ५.७.७ नंतर, मायएसक्यूएल आज्ञेऐवजी बदललेल्या ओळी पाठवतं.) घोडबंदरला ४०, पुण्यात १७. उरलेल्या २३ जणांना मोबाइलवर ‘रिपोर्ट तयार नाही’ असंच दिसत राहतं. यात एरर कुठेच येत नाही. रेप्लिकेशन सुरळीत चालू आहे, असंच स्क्रीन सांगत असतो, आणि खरी भीती याचीच आहे.

इनोडीबी इंजिनात व्यवहार पूर्ण तरी होतो, नाही तर झालाच नाही असं मानलं जातं. ते बदल आधी स्वतःच्या लॉगमध्ये ‘तयारी झाली’ म्हणून ठेवतं, मग बायनरी लॉगमध्ये नोंद होते, मग व्यवहार पक्का होतो. वीज आल्यावर अर्धवट व्यवहार सापडला, की बायनरी लॉग पाहिला जातो. तिथे नोंद असेल तर व्यवहार पक्का, नसेल तर रद्द. त्यामुळे दोन्ही गावांचा हिशेब जुळतो. मात्र दोन्ही लॉग प्रत्येक व्यवहारानंतर खरोखर डिस्कवर उतरवण्याची सेटिंग चालू हवी. वेग वाढवण्यासाठी ती अनेकदा बंद केलेली असते.

मग फक्त प्रतीवर मायआयसॅम ठेवलं तर? तांत्रिकदृष्ट्या चालतं, कारण रोजनाम्याला इंजिनाशी देणंघेणं नसतं. पण मायआयसॅम वाचताना अख्खं टेबल अडवतं. महिन्याचा अहवाल काढायला पाच मिनिटं लागली, तर तेवढा वेळ त्या टेबलातले नवे बदल रांगेत. शिवाय प्रतीवरचा सर्व्हर बंद पडला, तर कुठपर्यंतचे बदल उतरले याची खात्रीशीर खूण राहत नाही. सरमिसळ तर आणखी वाईट: बिल इनोडीबीत आणि पावती मायआयसॅममध्ये असेल, तर व्यवहार रद्द केल्यावर बिल जातं, पावती राहते.

इनोडीबी हे २०१० पासून, आवृत्ती ५.५ पासून, मूळ इंजिन आहे. तरी जुनी टेबलं आवृत्ती बदलली म्हणून आपोआप बदलत नाहीत. जुन्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या लॅब, पतपेढ्या, शाळा यांनी एकदा प्रत्येक टेबलाचं इंजिन तपासावं. बदलण्याची आज्ञा एका ओळीची आहे आणि ती प्रतीवरही आपोआप पोहोचते. पण त्या वेळात टेबलात लिहिता येत नाही, म्हणून काम रात्री आणि बॅकअप घेऊनच करावं. आधीच पडलेली तफावत मात्र इंजिन बदलल्याने भरून निघत नाही. त्यासाठी मूळ डेटाबेसवरून प्रत नव्याने बनवावी लागते.