ससा पाळण्यापूर्वी : उरणच्या एका घराच्या निमित्ताने



ऊस, खते, पाणी, तोडणी आणि भाव हेच आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. या वेळी थोडी वेगळी वाट धरली आहे. आपल्या एका सभासदांची लेक रायगड जिल्ह्यात उरणला दिलेली आहे, जावई बंदराच्या कामावर आहेत. नातवाला ससा हवा आहे आणि आजोबांनी दिवाळीला येताना घेऊन येतो असे कबूल करून टाकले. मात्र या घरात पूर्वी एक ससा येऊन गेला होता. एप्रिल महिन्यात, भर दुपारी, पत्र्याखालच्या गॅलरीत तो पाय ताणून मेला आणि पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही. तेव्हा "आधी माहिती कळवा, मग आणतो," असे आजोबांनी आम्हास सांगितले. इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे सविस्तर देत आहोत.

पहिला प्रश्न हवेचा. पाळीव ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा. त्याला साधारण १५ ते २२ अंश सेल्सिअस हवा मानवते. पारा ३० अंशांवर गेला की तो हैराण होतो. त्याला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. देशावरचा उन्हाळा कडक खरा, पण हवा कोरडी आणि रात्री गारवा. उरणला तसे नाही. तिन्ही बाजूंनी खाडी आणि समुद्र, हवेत दमटपणा, रात्रीही अंग चिकचिकते. आपल्याकडे जो ससा उन्हाळा काढतो तो तिथे काढीलच असे नाही, हे आजोबांनी ध्यानात घ्यावे.

उपाय अवघड नाहीत, पण रोज करावे लागतात. पत्र्याखाली, गच्चीवर किंवा पश्चिमेच्या गॅलरीत ससा ठेवूच नये. घरातली सर्वांत गार खोली त्याची. बसायला शहाबादी फरशीचा तुकडा द्यावा, ती गार राहते. पाण्याची बाटली बर्फ करून, फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी, तो तिला टेकून बसतो. पंखा असावा, पण झोत अंगावर नको. ससा तोंड उघडून धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, कान तापले, तर ऊन लागले समजावे. साध्या गार पाण्याने कान ओले करावेत आणि तडक डॉक्टरकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्यानेच तो जातो.

आता चारा. ससा म्हणजे गाजर, असे चित्रांच्या पुस्तकांनी पोरांच्या डोक्यात भरवले आहे. गाजर गोड असते. ते खाऊ म्हणून बोटभर ठीक. सशाचे खरे अन्न वाळलेले गवत, आणि तेही दिवसरात्र समोर हवे. कारण त्याचे दात जन्मभर वाढतात. गवत दळून दळून ते झिजले नाहीत तर वेडेवाकडे वाढून गालात, जिभेत रुततात आणि जनावर समोर चारा असून उपाशी मरते.

दुसरे कारण पोटात आहे आणि ते गुरे पाळणाऱ्यांना लगेच उमजेल. गाय रवंथ करते, ससा ते काम वेगळ्या तऱ्हेने करतो. त्याच्या आतड्यात एक मोठी पिशवी असते, तिच्यात चारा आंबतो. तिथून मऊ, चिकट, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या बाहेर पडतात आणि ससा त्या तोंड लावून परस्पर खातो. हे बहुधा रात्री किंवा पहाटे चालते. पाहणाऱ्याला किळस येते, "शी, घाण खातोय" म्हणून पोरं त्याला हुसकतात. तसे करू नये. चाऱ्यातले सत्त्व आणि जीवनसत्त्वे त्याला दुसऱ्या फेरीतच मिळतात. दिवसा पडणाऱ्या कोरड्या, गोल लेंड्या वेगळ्या. त्या मात्र उत्तम खत, कुंडीत थेट टाकल्या तरी रोप जळत नाही.

या पिशवीतल्या जंतूंचा मेळ बिघडला की संपले. बिस्कीट, पाव, चपाती, भात, गूळ, साखर हे काही देऊ नये. (साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे छापताना आम्हालाही हसू आले, पण उसाचे कांडकेसुद्धा नको.) तयार गोळी खाद्यात मळी थोडी वापरतात, ती गोळी बांधण्यापुरती, गोळी खाद्यही मूठभरच. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेले ते पुढेच सरकले पाहिजे. ससा १०-१२ तास काही खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर ती तातडीची बाब समजावी. सकाळी बघू म्हणू नये.

हिरव्यात हरळी, मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला चालतो. एकच भाजी रोज नको, आणि पालक कधीमधीच. नवा पाला एकदम पोटभर देऊ नये, सवय हळूहळू लावावी. लसूणघासात चुना जास्त. वाढत्या पिल्लाला ठीक, मोठ्या सशाला रोज घातल्यास लघवीत खडे होण्याचा धोका. कांदा, लसूण आणि त्यांची पात मुळीच नको. अलिबागकडचा पांढरा कांदा त्या भागात घरोघरी, माळ तुळईला टांगलेली असते, म्हणून मुद्दाम सांगितले. बटाटाही नको.

उरणचा पाऊस ध्यानात घेतला पाहिजे. जूनपासून चार महिने ओले गवत, ओला पाला. भिजलेले, तापलेले गवत खाऊन पोट फुगते, आणि बुरशी धरलेला चारा तर विषच. त्या पट्ट्यात पावसाळ्यापूर्वी घरात भरणा करतात त्याला आगोट म्हणतात. मीठ, मसाला, सुकी मासळी भरताना सशाच्या वाळल्या गवताचे पोतेही आगोटीतच भरावे आणि जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावे. भाताचा पेंढा अंथरायला चांगला, पोट भरायला निकृष्ट.

पिंजऱ्याबद्दल थोडक्यात. तळ जाळीचा असू नये, पायाला जखमा होतात. आणि पिंजरा म्हणजे रात्रीचा निवारा. दिवसातून काही तास त्याला घरात मोकळे सोडावे लागते, तेव्हा विजेच्या वायरी कुरतडणार हे धरून चालावे.

सशाला कानाला धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. त्याची हाडे हलकी आणि मागचे पाय फार जोरकस. पोराने आवळून धरले आणि त्याने लाथ झाडली, तर त्याचाच कणा मोडतो. लहान मुलाने जमिनीवर बसून खेळवावे, उचलून नव्हे. ससा भित्रा असतो, भयाने दगावतोसुद्धा. म्हणूनच दिवाळीत ससा नेण्याचा आजोबांचा बेत आम्हाला पसंत नाही. नवे घर, प्रवास, फटाके आणि ऑक्टोबरचा उकाडा, सगळे एकदम. मार्गशीर्ष-पौषात न्यावा, हवा थंड असते.

एकटा ससा खंतावतो हे खरे. पण विक्रेता जी "जोडी" देतो तिची खात्री कुणी देऊ नये. लहानपणी नर-मादी ओळखणे जाणत्यालाही चुकते. मादी चार-सहा महिन्यांत वयात येते, ३१ दिवसांच्या आसपास विते आणि व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. ऑस्ट्रेलियात १८५९ साली व्हिक्टोरिया प्रांतात एका जमीनदाराने शिकारीसाठी दोन डझन ससे सोडले; पुढे त्यांची पिलावळ आवरण्यासाठी १९०१ ते १९०७ या काळात त्या देशाच्या पश्चिम भागात शेकडो मैल कुंपण घालावे लागले. दोन खोल्यांच्या घरात काय होईल त्याचा विचार करावा. दोन ठेवायचे तर डॉक्टरकडून नसबंदी करून घ्यावी.

नको झालेला ससा डोंगरावर सोडून द्यावा असे कुणी सुचवील. द्रोणागिरीच्या उतारावर सोडलेला पाळीव ससा मुंगूस, कुत्री, बोके यांच्या तोंडी एक-दोन दिवसांत जातो. आपल्या रानातला ससा ही वेगळीच जात आहे, या दोघांची संतती होत नाही. पाळीव सशाची पिल्ले बिळात, उघडी-नागडी, डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाची उघड्यावर, केसांसह, डोळे उघडे. तोडणीच्या फडात अशी पिल्ले सापडतात आणि टोळीतली मुले ती पाळायला नेतात. आई दिवसातून जेमतेम एकदा, अंधार पडल्यावर पाजायला येते, म्हणून पिल्लू बेवारस वाटते, पण ते तसे नसते. जागेवर, बांधाच्या आडोशाला ठेवावे. रानससा धरणे, पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

काही जण "ससेपालन करा, पिल्ले आम्हीच परत घेऊ" असे सांगत फिरतात. २०१९ साली आपल्याच भागात कडकनाथ कोंबडीच्या नावाने काय झाले ते सभासदांना सांगायला नको.

विकत घेताना पिल्लू किमान आठ आठवड्यांचे असावे. नाक कोरडे, डोळे स्वच्छ, शेपटीखाली घाण चिकटलेली नसावी, कानात खपल्या नसाव्यात. खपल्या म्हणजे खरूज. अंगावर गोल चट्टे असल्यास घेऊ नये, तो नायटा मुलांनाही लागतो.

डॉक्टर आधी गाठावा, ससा मागाहून. गुरांचे दवाखाने असतात, परंतु सशांचा अनुभव सर्वांना असतोच असे नाही. स्पष्ट विचारून घ्यावे. तोंडावाटे द्यायची पेनिसिलीनच्या जातीची औषधे, तसेच कुत्र्यांच्या गोचिडांवरचे फिप्रोनिल सशाला घातक आहे, म्हणून घरातल्या बाटलीतले काही देऊ नये. मुंबईला न्यायचे तर मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का आणि तिथून परळचे जनावरांचे मोठे इस्पितळ. ओहोटीला गाळामुळे लाँच अडते, तेव्हा भरतीची वेळ पाहून निघावे. २०२४ च्या जानेवारीपासून उरणपर्यंत लोकल झाली आहे आणि अटल सेतूही सुरू झाला आहे, रात्री-अपरात्री गाडीने जाणे पूर्वीपेक्षा सोपे.

ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. नातू आज दुसरीत आहे, तो दहावीला बसेल तेव्हाही ससा घरात असेल. मे महिन्यात सारे घर गावी येते, तेव्हा त्याला कोण बघणार हे आजच ठरवावे. शेजारी ठेवायचा तर त्याच्या नेहमीच्या गवताची पिशवी, पाण्याचे भांडे आणि डॉक्टरांचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावा.