विकरांविषयीचे गैरसमज परीक्षानळीतच दूर होतात

चेन्नईच्या वायव्येकडील अंबत्तूरमध्ये ‘आविन’ची, म्हणजे तमिळनाडूच्या सहकारी दूध महासंघाची डेअरी आहे. तिथे असो की कोल्हापुरात ‘गोकुळ’मध्ये, पाश्चरीकरण पुरेसे झाले की नाही हे ठरवण्याची जुनी, खात्रीची कसोटी एकच: दुधातले एक विकर शिल्लक आहे का ते पाहायचे. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे विकर निसर्गतःच असते. दूध 72 अंश सेल्सिअसवर 15 सेकंद तापवले की ते निकामी होते, आणि क्षयाचा जंतू नष्ट व्हायला त्याहून किंचित कमी उष्णता पुरते. म्हणून पाश्चरीकृत दुधाची फॉस्फटेज चाचणी ‘निगेटिव्ह’ यावी, असे आपल्या अन्नसुरक्षा नियमांतच आहे. चाचणीचे रसायन घालून नळी 37 अंशांवर ठेवली की कच्चे दूध पिवळे पडते आणि नीट तापवलेले पांढरेच राहते. ज्यांना उद्या शाळेत विज्ञान शिकवायचे आहे, त्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी हा रंगबदल स्वतःच्या हातातल्या नळीत पाहायला हवा. विकरांविषयीचे आपले बहुतेक गैरसमज व्याख्या पाठ करून जात नाहीत. ते जातात ते आपला अंदाज चुकताना पाहिल्यावर.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे विकरे सजीव असतात आणि उकळल्यावर ‘मरतात’. विकर हा रेणू आहे, बहुतेक वेळा प्रथिनाचा. उष्णतेने त्या प्रथिनाची घडी उलगडते आणि काम थांबते. हा गैरसमज केवळ मुलांचा नाही. आंबवण्याची क्रिया जिवंत पेशींशिवाय होत नाही, असे लुई पाश्चरसारख्या शास्त्रज्ञाचेही मत होते. 1897 मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसाने साखर आंबवून दाखवली आणि त्यासाठी त्यांना 1907 चे नोबेल मिळाले. 1926 मध्ये जेम्स समनर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले. पाश्चरीकृत दूधही हेच सांगते: त्यात फॉस्फटेज संपलेले असते, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू जिवंत असतात. विकराचे निकामी होणे आणि सजीवाचे मरणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

दुसरा गैरसमज असा की काम करता करता विकर खर्ची पडते. इथे बटाट्याचा प्रयोग सावकाश करण्यासारखा आहे. कच्च्या बटाट्याचा तुकडा औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकला की फेस उसळतो, कारण बटाट्यातले कॅटलेज त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करते. फेस पूर्ण थांबल्यावर वर्गाला विचारावे: संपले काय, बटाट्यातले विकर की पेरॉक्साइड? मग त्याच द्रवात नवा बटाटा घालावा. फारसे काही होत नाही. जुन्या तुकड्यावर ताजे पेरॉक्साइड ओतावे; फेस पुन्हा येतो. तो पहिल्याइतका नसेल, कारण पेरॉक्साइडचा मारा विकरालाही थोडा बाधतो, आणि हा फरक वर्गापुढे मोकळेपणाने मांडावा. आता तिसऱ्या नळीत उकळून थंड केलेला बटाटा आणि चौथीत उकळून थंड केलेली मँगनीज डायऑक्साइडची पूड. बटाटा गप्प, पूड मात्र फसफसते. उत्प्रेरक दोन्ही, पण उष्णतेने मोडते ते प्रथिन. बटाटा थंड करून घेणे इथे फार महत्त्वाचे. एक नळी गरम आणि दुसरी गार असेल, तर फरक कशाने पडला हे कुणालाच सांगता येणार नाही. भावी शिक्षकाने शिकायची खरी गोष्ट हीच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तुलनेची नळी कधीही वगळायची नाही.

तापमानाबाबत तर गैरसमजांची रांगच आहे. 37 अंश हे सगळ्या विकरांचे आवडते तापमान, हे खरे नाही. कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीत डीएनएच्या प्रती काढणारे विकर 95 अंशांची उष्णता सोसते. त्याचा मूळ प्रकार अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या जिवाणूत सापडला. दुधातही फॉस्फटेज जिथे संपते, तिथे लॅक्टोपेरॉक्सिडेज टिकून राहते. थंडीनेही विकर नष्ट होत नाही. बर्फात ठेवलेली नळी कोमट झाली की काम सुरू होते. उकळलेली नळी थंड करून काही उपयोग होत नाही.

भावी शिक्षकांकडून असे प्रयोग करून घेण्यावर पहिला आक्षेप असा की बी.एससी. झालेल्यांना हे सगळे येते. पण पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झालेला शिक्षकही शाळेत जीवशास्त्राचा धडा घेतो, आणि बरोबर उत्तर लिहिणाऱ्यालाही चार नळ्यांचा प्रयोग आखता येईलच असे नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. फॉस्फटेज चाचणीचे रसायन मागवावे लागते हे मान्य; बटाटा मंडईत मिळतो. स्टार्च पचवणाऱ्या विकराच्या प्रयोगासाठी लाळ वापरायला संकोच असेल तर मोड आलेली नाचणी किंवा गहू वाटून त्याचा अर्क घ्यावा. 1833 मध्ये पायेन आणि पेर्सो यांनी डायस्टेज वेगळे काढले तेही मोड आलेल्या धान्यातूनच. तिसरा आक्षेप जास्त वजनाचा: चित्रफीत दाखवली तर तेच दिसते, आणि प्रयोग फसत नाही. नेमके म्हणूनच ती पुरत नाही. स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग गरम द्रवात आपोआप नाहीसा होतो आणि थंड झाल्यावर परततो. घाईत गरम नळीत आयोडीन टाकणारा विद्यार्थी ‘उकळलेल्या विकरानेही स्टार्च पचवला’ असे वहीत लिहून मोकळा होईल. वर्गात अशी वही समोर आल्यावर चूक कुठे झाली हे ओळखायचे, तर शिक्षकाने हा चकवा आधी प्रयोगशाळेत अनुभवलेला हवा. पेरॉक्साइड उजेडात राहून निकामी झाले असेल तर कच्चा बटाटाही फसफसत नाही. तेव्हा दोष विकराला द्यायचा की बाटलीला, हे ठरवण्याचा सरावही हातानेच होतो.

अंबत्तूर परिसरातल्या काय किंवा महाराष्ट्रातल्या काय, अध्यापक महाविद्यालयांनी प्रात्यक्षिक परीक्षेत एवढाच बदल करावा: ‘विकरांचे गुणधर्म लिहा’ हा प्रश्न काढून टाकावा. विद्यार्थ्याला एक गैरसमज द्यावा, तो खोडून काढणारा प्रयोग तुलनेच्या नळीसह त्यालाच आखू द्यावा, निकालाचा अंदाज आधी लिहून घ्यावा, आणि अंदाज चुकला म्हणून गुण कापू नयेत.