दहा अंशांचा फरक

तुमच्या चष्म्याला सिलिंडरचा नंबर असेल तर एक प्रयोग आत्ताच करून बघा. चष्मा काढून हातभर अंतरावर धरा, एका काचेतून समोरच्या दाराची चौकट पाहा आणि चष्मा घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू फिरवा. चौकटीच्या उभ्या आणि आडव्या रेघा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींकडे कलू लागतील. ज्यांना सिलिंडर नाही, त्यांची काच कशीही फिरवली तरी चौकट सरळच राहते.

सिलिंडरच्या काचेला दिशा असते, ती अशी. चष्म्यात ही दिशा फ्रेम सांभाळते: काच खोबणीत घट्ट बसलेली, फ्रेम नाकावर आणि कानांवर टेकलेली. कॉन्टॅक्ट लेन्सला असा कुठलाच आधार नसतो. ती अश्रूंच्या पातळ थरावर तरंगत असते आणि दर काही सेकंदांनी पापणी तिच्यावरून फिरते. एवढ्या हलत्या जागेवर दिशा टिकवायची कशी, हा खरा प्रश्न आहे. दृष्टिवैषम्य, म्हणजेच सिलिंडरचा नंबर, असलेल्या माणसाने लेन्स निवडताना ब्रँड, रंग आणि किंमत यांच्या आधी हाच प्रश्न विचारावा, असे माझे ठाम मत आहे.

दृष्टिवैषम्य म्हणजे काय, हे चमच्याच्या पाठीवरून बोट फिरवले तरी कळते. लांबीच्या बाजूने वळण सौम्य, रुंदीच्या बाजूने तीव्र. डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग, म्हणजे पारपटल, चेंडूच्या कापासारखे सगळीकडे सारखे गोल असेल तर प्रकाशकिरण एका बिंदूत मिळतात. ते चमच्यासारखे असेल तर उभ्या आणि आडव्या दिशेचे किरण वेगवेगळ्या अंतरावर मिळतात आणि बिंदूच्या जागी रेघ दिसते. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला लांब शेपट्या फुटतात, संगणकावरची अक्षरे दुहेरी वाटतात, त्याचे एक कारण हेच. या दोषाच्या इंग्रजी नावाचा अर्थही ‘बिंदू नसणे’ असाच आहे.

हा दोष शास्त्रज्ञांनी स्वतःच्याच डोळ्यांत शोधला. 1801 मध्ये थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या डोळ्याचे उभे आणि आडवे नाभीय अंतर वेगळे असल्याचे मोजले. दोष पारपटलात आहे की आतल्या भिंगात, हे पाहण्यासाठी त्याने डोळा पाण्यात बुडवल्यासारखी रचना केली. पाण्यामुळे पारपटलाची वक्रता निष्प्रभ होते. तरीही दोष उरला, म्हणजे तो आतल्या भिंगाचा होता. पुढे 1825 मध्ये जॉर्ज एअरी या तरुण खगोलशास्त्रज्ञाने आपल्या डाव्या डोळ्याचा दोष मोजून इप्सविचच्या एका चष्मेवाल्याकडून दंडगोल वळणाचे भिंग घासून घेतले. तुमच्या चिठ्ठीतला ‘सिलिंडर’ म्हणजे दंडगोल, आणि त्याची वाट एअरीच्या त्या भिंगापासून सुरू होते.

यंगचा तो पाण्याचा प्रयोग लक्षात ठेवा, कारण लेन्सच्या निवडीत तो थेट उपयोगी पडतो.

आज बहुतेक लोक वापरतात ती मऊ लेन्स. 1961 च्या नाताळात प्रागमधल्या ओटो विक्टर्ले यांनी मुलांच्या मेर्कूर जोडखेळाच्या सुट्या भागांतून घरीच यंत्र बनवले आणि पाणी शोषणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या लेन्स त्यावर तयार केल्या. ती लेन्स डोळ्याला टोचत नाही, कारण ती पारपटलावर ओल्या मलमलीसारखी बसते. पण हाच तिचा गुण सिलिंडरवाल्यांच्या आड येतो. खालचा आकार चमच्यासारखा असेल तर वरची लेन्सही तोच आकार घेते आणि दोष जसाच्या तसा राहतो.

कडक, हवा आरपार जाऊ देणारी आरजीपी लेन्स मात्र आपला गोल आकार सोडत नाही. तिच्या आणि पारपटलाच्या मधल्या फटीत अश्रू भरतात आणि पारपटलाचे उंचसखल भाग बुजवतात. अश्रूंचा अपवर्तनांक 1.336, पारपटलाचा 1.376. दोन्ही इतके जवळ आहेत की प्रकाशाला पारपटलाचे वाकडे वळण जवळपास जाणवतच नाही. हे यंगच्या पाण्याचेच तत्त्व. आणि त्याचीच मर्यादाही इथे आहे: यंगसारखा दोष आतल्या भिंगात असेल तर गोल आरजीपी लेन्स तो पुसू शकत नाही. म्हणून चष्म्याचा नंबर आणि पारपटलाच्या वक्रतेचे माप, दोन्ही हातात असल्याशिवाय लेन्सचा प्रकार ठरवू नये. आरजीपीची सवय व्हायला दिवस लागतात, धुळीचा कण आत गेला की ती चांगलीच खुपते. दुचाकीवरून रोज शहर ओलांडणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे.

मऊपणाही हवा आणि सिलिंडरही भागायला हवा, तर उत्तर टोरिक लेन्स. मेदूवड्याच्या बाहेरच्या कडेचा छोटा तुकडा डोळ्यांसमोर आणा. वड्याच्या घेराच्या दिशेने वळण सौम्य, जाडीच्या दिशेने तीव्र. या आकाराला गणितात टोरस म्हणतात, त्यावरून टोरिक. एकाच लेन्समध्ये दोन दिशांना दोन शक्ती असतात. म्हणजे पुन्हा तोच दिशेचा प्रश्न आला.

लेन्स फिरू नये म्हणून उत्पादक तिची जाडी सगळीकडे सारखी ठेवत नाहीत. काही लेन्स खालच्या बाजूला जाड असतात. जाड भाग वजनाने खाली राहतो, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात मोठे काम पापण्या करतात. कलिंगडाची ओली बी चिमटीत दाबली की ती सटकून पुढे जाते, तशी वरची पापणी दर उघडझापीला जाड भाग आपल्याखालून ढकलून देते. दुसऱ्या प्रकारात लेन्स वर आणि खाली पातळ असते, हे पातळ भाग पापण्यांखाली स्थिरावतात. खालून जाड असलेली लेन्स काहींना खालच्या पापणीला जाणवते आणि त्या भागातून प्राणवायूही कमी जातो. पारपटलाला रक्तवाहिन्या नसतात, ते आपला बराचसा प्राणवायू थेट हवेतून घेते, त्यामुळे हा मुद्दा किरकोळ नाही. कुशीवर आडवे होऊन तासन्‌तास फोन पाहणाऱ्याची लेन्सही कलू शकते. तशी सवय असेल तर ती तपासणाऱ्याला सांगा.

लेन्स थोडी कलली तर एवढे काय बिघडते? याचे गणित निर्दय आहे. दहा अंश कलली की सिलिंडरचा सुमारे तिसरा हिस्सा परत डोळ्यावर येतो. चिठ्ठीत सिलिंडर उणे 1.50 असेल तर अर्धा नंबर तसाच उरला. तीस अंश कलली की उरलेला दोष मूळ सिलिंडरएवढाच होतो, फक्त वेगळ्या दिशेने. म्हणजे लेन्स घालून सिलिंडरपुरता शून्य फायदा. नव्वद अंशांत दोष दुप्पट. म्हणूनच मोठ्या सिलिंडरला स्थैर्य जास्त लागते. आणि ॲक्सिस, म्हणजे चिठ्ठीतली सिलिंडरची दिशा, 180 किंवा 90 पासून दूर, तिरका असेल तर लेन्स बसवणे अधिक कठीण जाते.

म्हणून माझा आग्रह एकच: चाचणीची लेन्स घातल्याशिवाय टोरिक विकत घेऊ नका. चष्म्याची चिठ्ठी पाहून ऑनलाइन मागवणे तर नकोच. चष्मा डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर पुढे असतो, त्यामुळे मोठा नंबर लेन्समध्ये बदलतो: चष्म्याचा उणे 6, लेन्समध्ये जवळपास उणे 5.50. शिवाय चष्म्याचा ॲक्सिस एकेका अंशाने देता येतो, तयार टोरिक बहुधा दहा-दहा अंशांच्या टप्प्यांत मिळतात.

चाचणीची लेन्स घातल्यावर ती स्थिर होऊ द्या, घाई करू नका. टोरिकवर बारीक खूण असते, बहुधा खालच्या टोकाला, घड्याळातल्या सहाच्या जागी. नेत्रतपासनीस स्लिट लॅम्प या तपासणीच्या यंत्राखाली ती खूण पाहतो, उघडझाप करायला लावतो, डावी-उजवीकडे बघायला सांगतो. इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. लेन्स दहा अंश कलली, पण दर वेळी तिथेच थांबते, तर ती चांगली लेन्स आहे. तेवढे अंश हिशेबात धरून ॲक्सिस बदलून मागवता येतो. लेन्सच्या डबीवरचा ॲक्सिस चष्म्याहून निराळा का, याचे उत्तर पुष्कळदा हेच असते. पण खूण दर वेळी नव्या ठिकाणी सापडत असेल तर नंबर कितीही अचूक असो, ती लेन्स तुमच्या डोळ्याची नाही. दुसऱ्या घडणीची मागा. त्याच कारणाने एका कंपनीची लेन्स संपली म्हणून त्याच आकड्यांची दुसऱ्या कंपनीची परस्पर घेऊ नये.

सिलिंडर अर्ध्या नंबराच्या आसपास असेल तर अनेकांचे काम साध्या लेन्सवर भागते. सिलिंडरचा निम्मा भाग मुख्य नंबरात मिळवतात. पाऊण नंबरापासून पुढे मात्र टोरिकचा विचार करावा.

आणि ज्या घरी मूल सतत डोळे चोळते, ज्याचा सिलिंडर दर तपासणीला वाढतो, चष्मा घालूनही नीट दिसत नाही, तिथे लेन्सच्या दुकानात जाण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून पारपटलाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, करून घ्या. पारपटल शंकूसारखे पुढे येणारा केराटोकोनस हा विकार बहुधा किशोरवयात सुरू होतो. तो वेळेत सापडला तर कोलॅजन क्रॉसलिंकिंग या उपचाराने त्याची वाढ थोपवता येते.

लेन्स कोणतीही घेतलीत तरी नळाच्या पाण्याने ती किंवा तिची डबी धुऊ नका. त्या पाण्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव पारपटल पोखरू शकतो. ती घालून झोपू नका, पोहू नका. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना, तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.